पाच खुर्च्यांचं ऑफिस

केशोराव पटल्यांना केशोराव म्हणून हाक मारणारं माणूस गोंदियात शोधूनच काढावं लागलं असतं. बाजारात ते मुनीमजी, स्टेशनच्या मालधक्क्यावर मुनीमजी, आणि घरी सुशीलाबाईसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमच्या मुनीमजींना वांगं चालत नाही’ असंच म्हणायच्या. मूळ गाव सालेकशाच्या बाजूचं, जंगलाला लागून. धानाच्या बांध्या थोड्या आणि भाऊ फार, म्हणून चौथी झालेल्या केशोला एका मामाने आगगाडीत बसवून गोंदियाला आणलं आणि तेंदूपत्त्याच्या एका पेढीवर सोडून दिलं. तिथे उंबऱ्याशी चपला काढून त्याने गादीवर जो पाय ठेवला, तो पुढे पस्तीसेक वर्षं तिथून हलला नाही. मधल्या काळात इंग्रज गेले, नोटांवरचे राजे बदलले, केशोरावांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मांडी तेवढी तशीच राहिली.

पेढीची गादी म्हणजे काय हे आता सांगावंच लागणार, कारण ज्यांनी ती पाहिली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. भिंतीपासून भिंतीपर्यंत कापसाची जाड बैठक, वर पांढरी चादर, कडेने लोड, आणि मुनीम लोकांपुढे उतरत्या झाकणाची बैठी मेजं. ज्याच्यापुढे मेज, तो कामाचा माणूस. पण बसायला मेज लागत नसे. जंगलातले फडमुन्शी, म्हणजे पत्ता खरेदीच्या जागेवरचे कारकून, यायचे, बिडीचे ठेकेदार यायचे, सडक अर्जुनीकडचा कुणी धानवाला गाडी चुकली म्हणून दुपारभर टेकायचा. जागा दिसली नाही की कुणीतरी ‘सरका जी जरा’ म्हणायचं आणि जागा निघायची. गादी भरली असं कधी कुणी ऐकलं नाही. खुद्द मुन्नालाल सेठ त्याच चादरीवर बसायचे, सगळ्यांच्याच उंचीवर. त्यांचा लोड तेवढा जरा फुगीर होता.

याच गादीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, मेजाशिवाय बसणारा एक माणूस होता शालीकराम. हा केशोरावांचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, अनुसयाबाईचा नवरा. मुर्रीला घर. वाटण्या झाल्यावर वाट्याला आलेल्या दोन बांध्यांवर घर चालेना, तेव्हा केशोरावांनीच मुन्नालाल सेठांना शब्द टाकून त्याला पेढीवर चिकटवलं होतं. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की शालीकराम सालेकशाच्या जंगलात फडावर जायचा, पुडे मोजून घ्यायचा, पत्ता वाळवून पोती भरून पाठवायचा. हंगाम संपला की मुर्रीहून रोज पायी यायचा आणि कोपरा धरायचा. बाकीच्या आठ-नऊ महिन्यांत त्याचं नेमकं काम काय, असं विचारलं असतं तर केशोरावांनाही चटकन सांगता आलं नसतं. आलेल्याला पाणी दे, कागदांचे गठ्ठे बांध, गोंडी बोलणाऱ्या माणसाशी गोंडीत बोल, कुणाच्या पोरीचं कुठे जमलं ते ध्यानात ठेव. अशी माणसं जुन्या पेढ्यांवर असायचीच, आणि त्यांना कामावर ठेवलं आहे असं कुणाला वाटायचं नाही, त्यांनाही नाही.

मुन्नालाल सेठ वारले आणि पेढी त्यांच्या मुलाकडे, छोटेलालकडे आली. छोटेलाल वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याचा राग वाया जाणार नाही. त्याच सुमारास आपला भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि छोटेलालला कामानिमित्त मुंबईच्या खेपा पडू लागल्या. तिथे त्याने ऑफिसं पाहिली. परत आल्यावर गादीवर बसला की तो अस्वस्थ व्हायचा. पाय लांब करायचा, आखडायचा, लोड इकडचा तिकडे करायचा. मुंबईच्या व्यापाऱ्याला इथे आणून मांडी घालायला कसं सांगायचं, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता.

मग वैशाखात नागपूरहून एक डेकोरेटर आला. तरुण, बुशकोट घातलेला, बोलायला गोड. त्याने निळ्या कागदावरचे नकाशे आणि रंगीत चित्रांचं एक पुस्तक आणलं होतं. आता ऑफिसात उजेड वरून पडला पाहिजे, म्हणून ट्यूबलाइट. जमिनीवर लिनोलियम, पुसलं की स्वच्छ. भिंतींना पांढरा चुना नाही, फिकट हिरवा डिस्टेंपर, त्याने डोळे निवतात. सेठजींना काचेच्या पार्टिशनमागे वेगळी खोली, तिथे फिरती खुर्ची आणि वर काच टाकलेलं सागवानी टेबल. बाकी प्रत्येकाला आपापलं टेबल, आपापली खुर्ची, टेबलाला ड्रॉवर, हाताशी फायलींचं लोखंडी कपाट. प्रत्येक माणसाला स्वतःची अशी जागा, असं तो परत परत सांगायचा, आणि केशोरावांना ते ऐकून बरं वाटायचं. पस्तीस वर्षांत त्यांना स्वतःची अशी जागा कुणी देऊ केली नव्हती.

त्या डेकोरेटरने खोलीची मापं घेतली आणि केशोरावांना विचारलं की इथे बसणारे किती. केशोरावांनी गादीवर नजर फिरवली, मेजं मोजली आणि सांगितलं, पाच. त्यात काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही. पेढीवर ‘बसणारे’ मोजायचे ते असेच मोजायचे. शालीकराम तेव्हा जंगलात फडावर होता, कोपरा रिकामा होता, आणि रिकाम्या कोपऱ्यापुढे मेज नव्हतं. त्या माणसाने नकाशावर पाच चौकोन काढले आणि पेन्सिल खिशात घातली.

ज्येष्ठात गादी निघाली. आतला कापूस पिंजाऱ्याकडे गेला, लोड माळ्यावर गेले, बैठी मेजं गोदामात एकावर एक चढली. फरशी उघडी पडली तेव्हा खोली किती लहान आहे ते पहिल्यांदा दिसलं. पण सगळं लागल्यावर केशोरावांनाच आपण कुठल्या तरी बँकेत आलो की काय असं झालं. त्यांच्या वाट्याला हातांची खुर्ची आली होती. बाकी चौघांच्या खुर्च्यांना हात नव्हते. खोटं कशाला बोला, त्यांना खुर्ची आवडली. पाठ टेकता येते, हात ठेवता येतो, उठताना कण्हावं लागत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी घरी जाऊन सुशीलाबाईंना सगळं हातवारे करून सांगितलं, आणि त्या म्हणाल्या की आता घरातही एक आणा, म्हणजे पोरं घाबरून अभ्यास करतील.

मग शालीकराम जंगलातून परतला. अंगावर फडावरची धूळ, हातात गाठोडं. दारात त्याने सवयीने चपला काढल्या आणि गुळगुळीत लिनोलियमवर अनवाणी उभा राहिला. त्याने सगळीकडे पाहिलं. पाच टेबलं, पाच खुर्च्या, पाच माणसं. त्याचा कोपरा होता तिथे आता फायलींचं कपाट होतं. तेव्हा कुठे केशोरावांना कळलं की आपण काय केलं.

ते ताडकन उठले. तिकडच्या घरांमधून बहिणीचा नवरा म्हणजे घरचा देव; त्याच्या आधी ताटाला हात लावायचा नाही आणि त्याच्यापेक्षा उंच बसायचं नाही. गादीवर हा प्रश्न कधी आलाच नव्हता, कारण तिथे सगळे एकाच उंचीवर. केशोरावांनी आपली खुर्ची पुढे केली आणि शालीकरामला बसायला सांगितलं. मुनीमाची खुर्ची, आणि मालकाच्या ऑफिसात, म्हणून तो काही बसेना. मेहुणा उभा, म्हणून केशोराव बसेनात. दोघं जण एका रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना दुपारपर्यंत उभे राहिले. केशोरावांनी उभ्यानेच हुंड्या पाहिल्या, उभ्यानेच तारा लिहून दिल्या. बाकीचे चौघे मान खाली घालून कामात गुंतले, आणि हसू आलं तरी कुणी हसलं नाही, ही त्यांची माणुसकी. जेवणाच्या सुट्टीत शालीकरामने गाठोडं उचललं आणि फडाचा हिशेब उद्या देतो म्हणून निघून गेला.

त्या संध्याकाळी केशोराव काचेच्या खोलीत गेले. आणखी एक खुर्ची पाहिजे, एवढंच म्हणणं होतं त्यांचं. छोटेलालने त्यांना समोर बसवलं, पानाचा डबा पुढे केला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मुनीमजी, कुर्सियाँ तो मैं दस ला दूँ,” तो म्हणाला. “रखोगे कहाँ?”

केशोरावांनी काचेतून बाहेर पाहिलं. खरंच जागा नव्हती. टेबलांमधून एक माणूस जाईल एवढीच वाट होती, आणि तीही अंग चोरून. जिथे दहा-बारा माणसं आरामात बसायची, त्या खोलीत पाचांनी दाटी केली होती. छोटेलालने शालीकरामला काढून टाका असं म्हटलं नाही. उलट, जुने आदमी आहेत, त्यांचा पगार चालू राहील, असंच म्हणाला. आता या माणसाशी भांडायचं तरी कशावरून? केशोरावांना वाटलं, याने खडसावून नाही म्हटलं असतं तर आपल्याला निदान रागवता आलं असतं.

तरी ते गप्प बसले नाहीत. घरात एक जुनी लाकडी खुर्ची होती, ती त्यांनी हमालाच्या डोक्यावर देऊन आणली आणि फायलींचं कपाट आणि भिंत यांच्या फटीत बसवली. शालीकराम तिच्यावर बसला, गुडघे जवळ घेऊन, गाठोडं मांडीवर. पण कपाटाचं दार उघडायचं झालं की त्याला उठावं लागे, आणि फायली म्हणजे दिवसभर लागणारी वस्तू. कुणी नुसतं कपाटाकडे बघितलं तरी तो उठून उभा राहायला लागला. चार-सहा दिवसांनी तो नागपूरचा डेकोरेटर आपल्या पुस्तकासाठी ऑफिसाचे फोटो घ्यायला आला. ती खुर्ची रंगाने आणि ढबीने अगदीच वेगळी. फोटोपुरती म्हणून ती गोदामात गेली. फोटो झाले, डेकोरेटर गेला. खुर्ची गोदामातच राहिली, आणि तिच्यावर पोती रचली गेली.

नकाशात एका बाकाची सोय मात्र होती. बाहेर वऱ्हांड्यात, भेटायला येणाऱ्यांसाठी. शालीकराम तिथे बसू लागला. पहिल्यांदा ते बरंच जमलं म्हणायचं. गावाकडची माणसं आधी त्याच्यापाशीच थांबायची, विड्या ओढायची, गोंडीत सुखदुःख सांगायची. पण आत जायचं झालं की ती एकेक करून आत जायची, टेबलापलीकडे उभी राहून काम सांगायची आणि बाहेर पडून स्टेशनची वाट धरायची. आत गेलेल्याचं काम होई, बाहेर बसलेल्याला ते कळत नसे. शालीकरामला पाणी द्यायचं कामही राहिलं नाही. त्यासाठी बिल्ला लावलेला चपराशी आला होता. केशोराव दिवसातून दोन-तीनदा काहीतरी निमित्त काढून वऱ्हांड्यात यायचे आणि उभ्याउभ्याच शालीकरामला, म्हणजे तिकडच्या रीतीने जवाईबापूंना, ख्यालीखुशाली विचारायचे. बाकावर शेजारी बसावं तर आत टेबल रिकामं दिसायचं.

दिवाळीच्या आधी छोटेलालने नागपूरहून टायपिस्ट आणला आणि त्याला आपल्याच काचेच्या खोलीत टेबल लावून दिलं. पोरगा सालस होता. पहिल्याच दिवशी त्याने बाकावर बसलेल्या शालीकरामला अदबीने विचारलं की आपल्याला कुणाला भेटायचं आहे. शालीकरामने केशोरावांचं नाव सांगितलं असावं, किंवा काहीच सांगितलं नसावं. टायपिस्ट म्हणाला, बसा, बोलावतो. शालीकराम बसला. आत टायपिस्टच्या हातात कुणी तरी कागद दिले आणि तो विसरला. दिवे लागायच्या वेळेला शालीकराम उठला आणि मुर्रीच्या रस्त्याने चालू लागला. केशोरावांना ही गोष्ट ऑफिस बंद करताना चपराशाकडून समजली. दिवसभर ते आणि तो यांच्यामध्ये फक्त वऱ्हांड्याकडच्या दाराची धुरकट काच होती, आणि त्या काचेपलीकडे कुणी बसलं आहे की उठलं आहे हे कळत नसे. काच त्यासाठीच बसवली होती.

त्यानंतर शालीकराम आला नाही. महिनाअखेरीस केशोरावांनी माणसाबरोबर पगार पाठवला तर तो परत आला, आणि सोबत निरोप आला की बसलोच नाई त पगार कायचा घेऊ. त्या वर्षी भाऊबीजेला केशोरावांनी ताप आल्याचं सांगितलं आणि मुर्रीला गेले नाहीत. ताप खरंच होता की नाही, हे सुशीलाबाईंना माहीत. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला नाही. पुढच्या हंगामात फडावर दुसरा माणूस गेला, कारण छोटेलाल म्हणाला, शालीकरामजी तर येतच नाहीत. केशोराव तिथे खुर्चीत बसलेले होते. त्यांनी दुसऱ्याचं नाव वहीत लिहून घेतलं.

सुशीलाबाई एकदा म्हणाल्या की सोडून द्या ती नोकरी. बोलणं सोपं असतं. सोडून जायचं कुठे? गावातल्या गाद्या एकामागून एक निघत होत्या. तोच डेकोरेटर आता महिन्यातून दोनदा नागपूरहून यायचा, आणि त्याच्या पुस्तकात नमुना म्हणून पहिला फोटो केशोरावांच्याच ऑफिसाचा होता. पन्नाशीला टेकलेल्या मुनीमाला नव्याने बसवून घेईल अशी पेढी कुठेच राहिली नव्हती. केशोराव रोज वेळेवर जात, रोज त्या हातांच्या खुर्चीत बसत, आणि आता ती त्यांना अजिबात आवडत नसे.

दुसऱ्या वर्षी भाऊबीजेच्या दिवशी मात्र सुशीलाबाईंनी त्यांना नवं धोतर दिलं आणि बहिणीकडे घालवून दिलं. मुर्रीच्या घरी अंगण सारवलेलं होतं. ओसरीत अनुसयाबाईने दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी घातली होती. शालीकराम वाळलेला दिसला, पण हसला. या म्हणाला, पाय धुवायला पाणी दिलं. केशोरावांनी पाटावर बसायला म्हणून वाकून पाहिलं आणि ते वाकलेच राहिले. दीड वर्ष दिवसभर पाय खाली सोडून बसलेले गुडघे दुमडेनात. घरीही हल्ली ते खाटेच्या कडेवर बसून जेवायचे, सुशीलाबाई बोलायच्या, आणि ते हसण्यावारी न्यायचे. आता भिंत धरून त्यांनी पुन्हा जोर केला, तशी डाव्या गुडघ्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणीच आलं.

“राहू द्या, राहू द्या,” म्हणत शालीकराम आत गेला, बाज उचलून घेऊन आला आणि ती पाटाच्या जागी टाकली. “तुमी वर बसा, मुनीमजी.”

आजवर तो त्यांना केशोभाऊ म्हणत आला होता. केशोराव नको नको म्हणत राहिले, पण उभं तरी किती राहणार? शेवटी ते बाजेवर टेकले. शालीकराम खाली, आपल्या पाटावर, सहज मांडी घालून बसला. मेहुणा खाली आणि आपण वर. केशोरावांना वाटलं धरणीने पोटात घ्यावं, आणि मग दीड वर्ष छातीत अडकलेलं ते बोलून गेले.

“जवाईबापू, त्या माणसानं मले इच्यारलं होतं, बसनारे किती म्हणून. मी पाच सांगितले. तुमी तवा जंगलात होते. मी तुमाले मोजलंच नाई.”

अनुसयाबाईच्या हातातलं तबक थांबलं. तिला हे ठाऊक नव्हतं. तिने आधी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. शालीकरामने विड्यांचा कट्टा कनवटीतून काढला, एक विडी निवडली आणि ती न पेटवता बोटांत फिरवत राहिला.

“बराबरच सांगितलं तुमी,” तो म्हणाला. “माह्यासमोर मेज कोठी होतं?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. केशोरावांनी तो शोधला. सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. शालीकरामने खरोखरच विचार करून, समजून उमजून ते मान्य केलेलं होतं. माफ करा म्हणायचं तर या माणसाने गुन्हाच खोडून टाकला होता.

अनुसयाबाईने डोळे पुसले आणि तबक उचललं. दरवर्षी ती भावाला वाकून टिळा लावायची. या वर्षी बाज उंच, म्हणून तिला वाकावंच लागलं नाही. वारा होता, निरांजन विझू पाहत होतं. मग शालीकराम पाटावरून सरकून पुढे आला आणि तिचं ओवाळणं होईपर्यंत, केशोरावांच्या पायांशी बसून, दोन्ही हात उंचावून निरांजनाला आडोसा धरून राहिला.